मान वाकवू नका, पडदा उचला



आरोग्याच्या पानावर साखर, रक्तदाब, क्षयरोग, बाळंतपण असे विषय असतात. आज मी कॉम्प्युटरच्या पडद्याबद्दल लिहिते आहे. हा काय आरोग्याचा विषय आहे का, असं कुणाला वाटलं तर त्यांनी आधी माझी एक चूक ऐकावी.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा रुग्णालयात नोकरीला होते. वडाळ्याला आमच्या वस्तीतली एक मुलगी बी.कॉम. होऊन एका ऑफिसात लागली होती. विम्याचे फॉर्म बघून कॉम्प्युटरवर भरायचे, असं काम. खुर्चीवर बसून पगार मिळवणारी ती तिच्या घरातली पहिली. तिचे वडील गोदीत हमाली करून निवृत्त झालेले, आई डबे करायची. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सिस्टर, दुपारनंतर डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं. मान तर अशी आखडते की केस विंचरायला हात वर जात नाही. माझे डोळे जाणार तर नाहीत ना?"

मी तिला सांगितलं, गाजर खा, पालक खा, डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मार, मोबाइल कमी बघ. आणि वर म्हणाले, "नाहीच सोसलं तर दुसरं काम बघ बाई. डोळ्यांपेक्षा नोकरी मोठी नाही."

चार-पाच महिन्यांत तिने नोकरी सोडली. डोळे गेले नव्हतेच. गेला तो तिचा पगार, पी.एफ., आणि स्वतःच्या नावाचं बँकेचं पुस्तक. ती आईबरोबर डबे करायला लागली. डबे करण्यात कमीपणा नाही. पण शिकून मिळवलेली खुर्ची तिने भीतीपोटी सोडली, आणि ती भीती घालणाऱ्यांत मी होते.

मी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता. तुझा पडदा डोळ्यांपासून किती लांब आहे, किती उंचीवर आहे, त्यावरचं अक्षर केवढं आहे? तो मी विचारला नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवतात की पेशंटला उचलण्याआधी खाटेची उंची आपल्या कमरेला आणा, नाहीतर तुमचीच पाठ जाईल. खाट माणसाप्रमाणे करायची, हे मला पाठ होतं. पडदाही माणसाप्रमाणे करायचा असतो, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

ते कळलं ते नोकरी सोडून मी पूर्णवेळ सामाजिक कामाला लागले तेव्हा. शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डाची कामं, तक्रार अर्ज, सगळं लॅपटॉपवर. लॅपटॉप चौरंगावर आणि मी सतरंजीवर. सहा महिन्यांत त्या मुलीने सांगितलेलं सगळं मला होऊ लागलं. तोवर चाळिशीही लागली होती. रोज एक वेदनाशामक गोळी घेत होते. दुसऱ्यांना सांगते की रोज गोळी घेऊ नका, पोट बिघडेल, मूत्रपिंड बिघडेल, आणि स्वतः घेत होते. शेवटी डोळे तपासायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची स्क्रीन किती लांब असते?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून आज लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की माणसाने पडद्यापुढे वाकायचं नाही, पडदा माणसाप्रमाणे बसवायचा. ते करणं बहुतेक वेळा फुकट असतं. आणि जिथे पैसे लागतात तिथे ते मागणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

डोळे जात नाहीत, थकतात

आधी भीती काढून टाकू. कॉम्प्युटर बघून मोठ्या माणसाचे डोळे जात नाहीत. ते थकतात आणि कोरडे पडतात. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. पापणी लवली नाही की डोळ्यावरचं पाणी सुकतं. मग चुरचुर, लाली, आणि गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यातूनच पाणी गळणं. डोळ्यापुढचा पंखा किंवा ए.सी.ची हवा यात भर घालते. जवळचं सतत बघितल्यामुळे डोळ्याच्या आतले स्नायूही आवळलेले राहतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघा. खिडकीबाहेरचं झाड बघा, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघा, काहीही चालेल. आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा.

लहान मुलांचं मात्र वेगळं आहे. त्यांचे डोळे अजून वाढत असतात. सतत जवळून बघणं आणि दिवसाउजेडी बाहेर न खेळणं याचा लांबचा नंबर लागण्याशी संबंध आहे. मुलांना रोज मोकळ्यावर खेळायला पाठवा.

दुसरी गोष्ट निळ्या काचेच्या चष्म्याची. निळा प्रकाश अडवणारी काच म्हणून जादा पैसे घेतले जातात. २०२३ साली कोक्रेन या जगभर मान असलेल्या संस्थेने सतरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. अशा काचेने डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. ते पैसे वाचवा आणि त्यातून वेगळा कीबोर्ड घ्या. का ते पुढे सांगते.

तिसरी गोष्ट औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या थेंबांची. डोळे लाल झाले की दुकानदार जे थेंब देतो, त्यात कधीकधी स्टेरॉइड असतं. त्याने लाली लगेच जाते, म्हणून माणूस ते महिनोन्महिने घालत राहतो. पण त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पडद्याने जे नुकसान झालं नसतं ते हे थेंब करतात.

पदराला खार न लावता

आता पडद्याकडे वळू. हे वाचून झाल्यावर तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसा आणि एकेक करून बघा.

पहिलं अंतर. सरळ बसून हात समोर पसरा. बोटांची टोकं जिथे पोचतील तिथे पडदा हवा. साधारण ५० ते ७० सेंटिमीटर. त्याहून जवळ जावंसं वाटत असेल तर दोष तुमच्यात नाही, अक्षर लहान आहे.

दुसरं अक्षर. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग डिस्प्ले असं गेलात की 'स्केल' दिसतं. तिथे शंभर टक्के असेल तर सव्वाशे करून बघा, दीडशे करून बघा. हल्लीच्या चौदा इंची लॅपटॉपवर शंभर टक्क्यांचं अक्षर मुंगीएवढं दिसतं. खूप जण अक्षर मोठं करायला 'रिझोल्यूशन' कमी करतात. तसं करू नका. त्याने अक्षर मोठं होतं पण पसरट आणि धुरकट होतं, आणि धुरकट अक्षर वाचायला डोळ्यांना जास्त कष्ट पडतात. रिझोल्यूशन जिथे 'रेकमेंडेड' लिहिलंय तिथेच ठेवा, आणि स्केल वाढवा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सेटिंग्जला कुलूप असतं, अशी तक्रार मुली करतात. तिथे कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि माऊसचं चाक फिरवा. ब्राउझरमध्ये, एक्सेलमध्ये, वर्डमध्ये त्याने अक्षर मोठं होतं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी अक्षर आणखी एक पायरी मोठं ठेवावं. इंग्रजीत अक्षरं एका ओळीत बसतात. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरं. 'र्‍ह' आणि 'ऱ्ह' बघायला, अनुस्वार आहे की पडद्यावरचा धुळीचा ठिपका आहे हे ओळखायला डोळे ताणावे लागतात. ज्या मापात इंग्रजी आरामात वाचता येतं त्या मापात मराठी वाचता येत नाही. डी.टी.पी. करणाऱ्या, अर्ज भरून देणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरं प्रकाश. एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडदा दिव्यासारखा झगमगत असेल तर ब्राइटनेस कमी करा. कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर वाढवा. दिवसा आणि रात्री हे वेगवेगळं असणार. रात्री खोलीतला दिवा बंद करून पडद्यावर काम करू नका. 'नाइट लाइट'ने रात्री पडदा पिवळसर होतो. बरं वाटत असेल तर वापरा, पण ते औषध आहे असं समजू नका. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं काहींना बरी वाटतात, पण ज्यांना तिरका नंबर आहे त्यांना ती फिसकटलेली दिसतात. स्वतः बघून ठरवा.

चौथं खिडकी. खिडकी पडद्याच्या मागे नको आणि तुमच्या पाठीमागेही नको. ती बाजूला हवी. डोक्यामागच्या ट्यूबलाइटचा उजेड पडद्यावर चमकत असेल तर पडदा थोडा वळवा. चमक दिसेनाशी करायला आपण नकळत मान वाकडी करून बसतो, आणि मग मानेला बाम चोळतो.

पाचवं उंची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. लॅपटॉपची अडचण अशी की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले आहेत. पडदा उंच करावा तर हात लटकतात, हात नीट ठेवावेत तर मान खाली जाते. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माऊस घ्या. दोन्ही मिळून आठवड्याच्या भाजीएवढा खर्च येतो. मग लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा, डब्यावर ठेवा, पाटावर पाट ठेवा. मागची हवा कोंडायला नको एवढं बघा.

दहा बाय बाराच्या खोलीत टेबल कुठून आणायचं, हे मला सांगू नका. मी त्याच खोलीत वाढले आहे. जमिनीवर बसणार असाल तर भिंतीला पाठ टेकून बसा, कीबोर्ड मांडीवरच्या पाटावर घ्या आणि लॅपटॉप चौरंगावर डबे रचून डोळ्यांसमोर आणा. पलंगावर पालथं पडून मात्र काम करू नका. तासाभरानंतर उठून उभं राहा. ज्यांच्या ओट्यावर, शेगडी आणि नळापासून लांब, कोरडी जागा आहे त्यांनी अर्धा तास तिथे उभं राहून काम केलं तरी चालेल.

चाळिशीचा चष्मा आणि मान

चाळिशी उलटलेल्या बायका आणि पुरुष यांच्यासाठी हे वेगळं लिहिते, कारण इथे मी स्वतः फसले. चाळिशीचा चष्मा पुस्तकासाठी असतो. पुस्तक आपण हातभर नाही, त्याहून जवळ, साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. पडदा त्याहून लांब असतो. म्हणून वाचायच्या चष्म्यातून पडदा धुरकट दिसतो, आणि आपण नाक पडद्याला लावतो. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर वाचायचा भाग खाली असतो. पडदा वर असेल तर आपण हनुवटी उचलून खालच्या काचेतून बघतो. दिवसभर मान मागे. हातांना मुंग्या येईपर्यंत मानेचे एक्स-रे काढत फिरतात लोक, आणि कारण नाकावर असतं.

दुहेरी काचवाल्यांनी पडदा इतरांपेक्षा थोडा खाली ठेवावा. आणि डोळे तपासायला जाताना पडदा किती लांब असतो ते पट्टीने मोजून जावं. ते अंतर सांगितलं की त्या अंतराचा नंबर काढून मिळतो. आमच्या वडाळ्याहून सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचं के.ई.एम. दोन्ही जवळ आहेत. दोन्हीकडे डोळ्यांचा विभाग आहे. केसपेपर काढा, रांगेत उभं राहा, पण तपासणी करा.

ज्यांना साखर आहे त्यांनी तर हे सगळं पडद्यावर ढकलूच नये. साखर वरखाली झाली की नजर धूसर होते, आणि मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर परिणाम होतो तो सुरुवातीला मुळीच दुखत नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी हवीच. आणि अचानक नजर कमी होणं, डोळ्यापुढे विजा चमकणं, काळे ठिपके एकाएकी वाढणं, पडदा ओढल्यासारखं वाटणं, एकाचे दोन दिसणं, डोळा लाल होऊन खूप दुखणं, डोकेदुखीबरोबर उलटी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिथे सेटिंग्जचा उपयोग नाही.

दुसरा पडदा ही चैन आहे का?

आता ज्या गोष्टीवरून ऑफिसात कुजबुज होते त्या दुसऱ्या पडद्याबद्दल. आपली मुलं-मुली जी कामं करतात त्यातली पुष्कळशी एका ठिकाणचं बघून दुसऱ्या ठिकाणी भरायची आहेत. वडाळ्याच्या आर.टी.ओ.च्या आसपास बघा. एकेका टपरीएवढ्या दुकानात मुलं बसलेली असतात. मांडीवर आधारकार्डाची झेरॉक्स, समोर पडदा. मान खाली, मान वर, मान खाली, मान वर. दिवसाला हजार वेळा. कागद टेबलावर आडवा न ठेवता पडद्याशेजारी उभा टेकवला तरी ही कसरत निम्मी होते. त्यासाठी पुठ्ठा आणि कपड्याचा चिमटा पुरतो.

कागदाऐवजी स्कॅन केलेली फाइल असेल तर एकाच पडद्यावर एक खिडकी उघडायची, वाचायचं, लक्षात ठेवायचं, ती मिटायची, दुसरी उघडायची, भरायचं. डोळ्यांबरोबर डोकंही थकतं, आणि आकडा चुकला की बोलणी बसतात. अशा कामाला दोन पडदे ही चैन नाही. शिंप्याला कात्री लागते तसं ते कामाचं हत्यार आहे.

पण दुसरा पडदा कसाही ठेवून चालत नाही. एका ओळखीच्या मुलीने घरचा जुना टी.व्ही. लॅपटॉपला जोडला आणि उजव्या बाजूला ठेवला. सगळं काम त्या मोठ्या पडद्यावर, म्हणजे दिवसभर मान उजवीकडे. पंधरा दिवसांत तिची मान एका बाजूला धरली. दोष दोन पडद्यांचा नव्हता, मांडणीचा होता. नियम सोपा आहे. ज्या पडद्यावर जास्त काम तो नाकासमोर, दुसरा त्याला लागून बाजूला, थोडा आपल्याकडे वळवलेला. दोन्हींवर सारखंच काम असेल तर दोघांची जोडणी नाकासमोर आणि दोन्ही उघड्या पुस्तकासारखे आत वळलेले. दोन्हींची उंची सारखी, अंतर सारखं, उजेड सारखा, अक्षराचं माप सारखं. एक लख्ख आणि एक मिणमिणता असेल तर नजर फिरवताना डोळ्यांना दर वेळी जुळवून घ्यावं लागतं.

जोडायला विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. 'डुप्लिकेट' केलं तर दोन्हींवर एकच चित्र दिसतं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. 'एक्सटेंड' निवडा. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये एक आणि दोन असे चौकोन दिसतात. ते माऊसने ओढून टेबलावर पडदे जसे आहेत तसे मांडा. नाहीतर माऊस उजवीकडे नेला की डावीकडे उगवतो, आणि माणूस दिवसभर बाण शोधत बसतो. प्रत्येक पडद्याचं स्केल वेगवेगळं ठरवता येतं, तेही करून घ्या. टी.व्ही. वापरणार असाल तर तो मॉनिटरपेक्षा लांब ठेवा. टी.व्ही. लांबून बघायला केलेला असतो, जवळून त्यातली अक्षरं फाटकी दिसतात.

विकत घ्यायचाच झाला तर लॅमिंग्टन रोडला जुने मॉनिटर मिळतात. नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. दुकानातच लावून बघा. पांढरा पडदा करा, कुठे काळा ठिपका, पिवळी कड, थरथर दिसते का बघा. तुमच्या लॅपटॉपला कोणती वायर बसते ते आधी बघून जा, आणि पडदा वरखाली होणारा स्टँड असेल तर तोच घ्या.

आणि एक सावधगिरी. दोन पडदे दिले म्हणून दुप्पट फाइली, असा हिशेब काही साहेब करतात. मग फायदा त्यांचा आणि मान आपली. दुसरा पडदा माणसाचा त्रास कमी करायला हवा. त्याने कामाचा कोटा वाढणार असेल तर तेव्हाच बोलायला हवं, आणि एकटीने नाही, चौघींनी मिळून.

हक्काची गोष्ट

मी एका कार्यालयात कामानिमित्त जाते. तिथे कायम नोकरीवाल्यांच्या टेबलावर मोठे मॉनिटर आहेत, फिरत्या खुर्च्या आहेत. त्यांच्यापेक्षा जास्त तास टायपिंग करणाऱ्या कंत्राटी मुली प्लास्टिकच्या खुर्चीवर, जुन्या छोट्या पडद्यासमोर बसतात. त्यांतल्या एकीला मी म्हटलं, अक्षर मोठं कर की गं. ती हळूच म्हणाली, "नको ताई. म्हणतील, हिला दिसत नाही, दुसरी आणा."

या वाक्याने मला झोप लागली नाही. ही आपली जुनी सवय आहे. साधन वाईट असलं तरी दोष आपल्या अंगात शोधायचा, आणि तोही लपवायचा.

आपल्या आजोबा-पणजोबांनी लालबाग-परळच्या गिरण्यांत काम केलं. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे ते मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. कामगाराचं शरीर ही कायद्याने सांभाळायची गोष्ट आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. यंत्र बदललं म्हणून ते तत्त्व बदलत नाही.

युरोपात १९९० साली पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी वेगळा निर्देश निघाला, आणि ब्रिटनमध्ये १९९२ साली त्याचे नियम झाले. कामगाराने मागितलं तर मालकाने स्वतःच्या खर्चाने डोळे तपासून द्यायचे, टेबल-खुर्ची-पडद्याची पाहणी करायची, मध्ये विश्रांती द्यायची, असं त्यात आहे. तिकडच्या कंपन्यांची कागदपत्रं मुंबईत बसून भरणाऱ्या मुली आपल्यात आहेत. फाइल तीच. लंडनमध्ये ती भरणाऱ्याची नजर मालकाची जबाबदारी, मुंबईत ती मुलीची. आपल्याकडे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छता, उजेड, हवा यांची जबाबदारी मालकावर आहे. पडद्याची उंची, डोळ्यांची तपासणी यांचं नाव त्यात नाही. ते यायला हवं, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी करावी.

कुणी म्हणेल, एवढ्याशा पडद्यासाठी कोण भांडतं? ऑगस्ट २०२१ आठवा. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. मेमरी कमी, फोन तापतो, माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. त्या असं म्हणाल्या नाहीत की आम्हाला जमत नाही. त्या म्हणाल्या, हे साधन निकृष्ट आहे, आमच्या कामाचं आणि आमच्या भाषेतलं द्या. मानधनावर काम करणाऱ्या बायका हे म्हणू शकल्या. मग पदवीधर मुलीने अक्षर मोठं करायला का घाबरावं?

ज्यांची नजर मुळातच अधू आहे त्यांच्यासाठी तर कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या आहेत. मोठा पडदा ही तशीच सोय आहे. प्रमाणपत्र असेल तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

विहारापासून सुरुवात करू

मागण्या होत राहतील. तोवर आपल्या हातात आहे ते करू. आपल्या बहुतेक विहारांत अभ्यासिका आहे, आणि तिथे पहाटेपासून मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. तिथला कॉम्प्युटर खिडकीसमोर तर नाही ना, बघा. जुने जाड अंक पडद्याखाली ठेवायला उपयोगी पडतील. मंडळाने दोन वेगळे कीबोर्ड आणि एक जुना मॉनिटर घेतला तर जयंतीच्या एका बॅनरएवढाही खर्च यायचा नाही.

सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर आपण वैद्यकीय शिबिरं लावतो. साखर तपासतो, रक्तदाब तपासतो. त्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लावा. त्यावर एक लॅपटॉप आणि एक मोजपट्टी. येणाऱ्या प्रत्येक तरुणाला तीन प्रश्न विचारायचे. पडदा किती लांब? कड किती उंच? अक्षर केवढं? ज्यांना उत्तर येणार नाही त्यांना तिथेच बसवून दाखवायचं. पाच मिनिटं पुरतात. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुली हे सहज करतील.

ती डबे करणारी मुलगी आता दोन मुलांची आई आहे. मागच्या वर्षी तिने महिला मंडळाच्या बचत गटाचा हिशेब लिहायला घेतला. वही नको, कॉम्प्युटरवर करू, असं मीच म्हटलं. ती दचकली. म्हणाली, "सिस्टर, माझ्या डोळ्यांचं माहितीये ना तुम्हाला?" मी तिची माफी मागितली. मग आम्ही दोघींनी मिळून लॅपटॉप गव्हाच्या डब्यावर ठेवला, स्केल दीडशे केलं, आणि तिला जुन्या मॉनिटरवर पावत्यांचे फोटो लावून दिले. तासाभराने मी विचारलं, "डोळे?" ती म्हणाली, "बरे आहेत. पण गव्हाचा डबा संध्याकाळी परत लागेल हं."

डब्याऐवजी तिथे आता दोन विटा आहेत.

जय भीम!